मांजराच्या आजारात ‘उद्या बघू’ नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मांजर आजारी आहे हे घरच्यांच्या लक्षात येतं, तेव्हा बहुतेक वेळा आजाराचे पहिले दोन-तीन दिवस उलटून गेलेले असतात. मांजर कण्हत नाही, दुखतंय म्हणून जवळ येत नाही. ते कपाटाखाली किंवा पलंगाच्या कोपऱ्यात पाय पोटाखाली घेऊन बसून राहतं, आणि घरात कुणीतरी म्हणतं, ‘उकाड्यानं मलूल झालंय, उद्या बघू.’ लहान प्राण्यांच्या दवाखान्यांत रोज काम करणारे आम्ही काही पशुवैद्यक आणि भटक्या मांजरांची शुश्रूषा करणारे काहीजण मिळून हे पत्र लिहीत आहोत. कुठल्या लक्षणाला किती वेळ थांबता येतं आणि कुठल्याला अजिबात थांबता येत नाही, एवढं जरी घराघरांत माहीत झालं तरी पुष्कळ मांजरं वाचतील, अशी आमची खात्री आहे.

सर्वांत कमी वेळ देणारं दुखणं बोक्याचं: लघवी अडकणं. बोक्याचा मूत्रमार्ग टोकाकडे फार अरुंद होतो. मूत्राशयाला आतून सूज आली की चिकट स्राव, पेशी आणि स्ट्रुव्हाइट या क्षाराचे बारीक स्फटिक एकत्र होऊन त्यांचा बोळा त्या अरुंद जागी बसतो. कधी बोळा नसतोही, आकसलेल्या स्नायूंमुळेच मार्ग बंद होतो. बोका शी-लघवीच्या ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, पाठ वाकवून जोर करतो, ओरडतो, मागचा भाग सारखा चाटतो. ट्रेमध्ये मात्र थेंब-दोन थेंब, तेही गुलाबीसर, नाहीतर काहीच नाही. घरच्यांना वाटतं शी होत नाहीये. मग एरंडेल, तूप, लहान मुलांचं रेचक असे प्रयोग होतात आणि त्यात रात्र निघून जाते. तोवर साचलेल्या लघवीमुळे मूत्रपिंडांचं काम थांबलेलं असतं, रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि त्यानं हृदयाचे ठोके मंदावतात. मार्ग पूर्ण बंद झाला तर २४ ते ४८ तासांत बोका गंभीर होतो आणि उपचार नसतील तर दोन-तीन दिवसांत दगावतो. उलट्या, खाणं बंद, पंजे गार पडणं ही उशिराची लक्षणं आहेत, त्यांची वाट पाहू नये.

घरी तपासायचं ते असं. शेवटची लघवी कधी झाली ते आठवा. ट्रेमध्ये ओली झाली की गोळे होणारी वाळू (लिटर) वापरत असाल तर निरोगी मांजराचे दिवसाला साधारण दोन ते चार गोळे निघतात. आज एकही मोठा गोळा नसेल आणि बोका सारखा ट्रेकडे जात असेल, तर मागच्या पायांच्या पुढे पोटाखाली तळहात हलकेच टेकवून पाहा. तिथे घट्ट, गोल, हात लावताच बोका चिडेल असा गोळा लागला तर ती भरलेली लघवीची पिशवी आहे. दाबून लघवी काढायला मुळीच जाऊ नका, पिशवी फुटते. त्याच तासाला दवाखाना गाठा, रात्रीचे दोन वाजले असले तरी. तिथे भूल देऊन नळी घालतात, सलाइन लावतात आणि सहसा एक ते तीन दिवस दाखल ठेवतात. नळी काढल्यावरचे पहिले काही आठवडे पुन्हा अडकण्याचा धोका जास्त असतो, म्हणून घरी आणल्यावर रोज गोळे मोजायचे.

नसबंदीमुळे मार्ग अरुंद होतो, असं अजूनही सांगितलं जातं, ते खरं नाही. नसबंदीनंतर खाणं तेवढंच राहून वजन वाढतं, हालचाल कमी होते, त्यात फक्त कोरडा खाऊ आणि पाणी कमी, हे सगळं मिळून धोका वाढतो. कोरड्या खाऊत पाणी जेमतेम ८-१० टक्के, ओल्या खाऊत ७५-८० टक्के. चार किलोच्या मांजराला दिवसाला खाण्यातून आणि पिण्यातून मिळून साधारण २०० मिलीलिटर पाणी लागतं. कोरड्या खाऊवरची मांजरं ती कसर पिऊन पूर्ण भरून काढत नाहीत. म्हणून निदान एक वेळ ओला खाऊ, कोरड्या खाऊत चार चमचे कोमट पाणी, घरात दोन-तीन ठिकाणी रुंद तोंडाच्या वाट्या. ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त ठेवावा, आणि तो वॉशिंग मशिनच्या धडधडीजवळ नको. घरातलं रंगकाम, नवीन बाळ, दुसरं मांजर आणणं या गोष्टींच्या ताणानंही ही सूज उठते. मादीलाही हाच त्रास होतो, रक्ताची लघवी होते, पण मार्ग रुंद असल्यानं ती सहसा अडकत नाही. तिला दुसऱ्या दिवशी दाखवलं तरी चालतं. दहा वर्षांखालच्या मांजरांत ही सूज बहुतेक वेळा जंतूंची नसते, त्यामुळे मेडिकलमधून आणलेल्या अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट मेडिकलच्या दुकानाशीच जोडलेली आहे. मांजराला ताप आहे म्हणून पॅरासिटामॉल देणं म्हणजे त्याला विष देणं आहे. हे आम्ही शब्दशः म्हणतो. पॅरासिटामॉल शरीराबाहेर टाकण्यासाठी माणसाच्या यकृतात जी रासायनिक क्रिया मुख्यत्वे होते, ती मांजरात जवळजवळ नसतेच. औषध मग विषारी पदार्थात बदलतं, तांबड्या पेशींतलं हिमोग्लोबिन प्राणवायू वाहायच्या कामाचं राहत नाही. किलोमागे १० मिलिग्रॅमलाही विषबाधा झालेली आहे. चार किलोच्या मांजराला ५०० ची अर्धी गोळी म्हणजे किलोमागे ६० मिलिग्रॅमच्या वर. ‘लहान मुलांचं सिरप तर सौम्य असतं’ या समजुतीनंही घात होतो: पाच मिलीच्या चमच्यात १२० किंवा २५० मिलिग्रॅम असतं, म्हणजे अर्धा चमचासुद्धा धोक्याचा. काही तासांत हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात, चेहरा आणि पंजे सुजतात, धाप लागते. अशा वेळी मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका, मिठाचीच वेगळी विषबाधा होते. गोळीची स्ट्रिप बरोबर घेऊन निघा आणि निघताना फोनवर सांगा, म्हणजे डॉक्टर एन-ॲसिटाइलसिस्टीनची तयारी ठेवतील. हा उतारा जितका लवकर मिळेल तितका उपयोगी. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन हीही घरच्या डब्यातून मांजराला द्यायची औषधं नव्हेत.

कुत्र्याचं पिसवांचं औषध मांजराला लावणं हाही असाच प्रकार. मानेवर टाकायच्या कुत्र्यांच्या काही थेंबांत परमेथ्रिन जास्त प्रमाणात असतं. ते मांजराला लागलं की काही तासांत कान फडफडतात, लाळ गळते, अंग थरथरतं आणि मग झटके येतात. कुत्र्याची ट्यूब अर्धी करून वापरली तरी हेच होतं, कारण प्रश्न मात्रेचा नाही, औषधाचा आहे. लागलंच असेल आणि मांजर शुद्धीत असेल तर भांड्यांचा लिक्विड साबण आणि कोमट पाणी घेऊन ते लगेच धुऊन काढा. गरम पाण्यानं औषध कातडीत जास्त शोषलं जातं आणि गार पाण्यानं थरथर वाढते. टॉवेलमध्ये गुंडाळून तडक दवाखान्यात न्या. घरातल्या कुत्र्याला असं औषध लावलं असेल तर दोन-तीन दिवस मांजराला त्याच्या अंगाला अंग लावून झोपू देऊ नका.

विषांच्या यादीत आणखी दोन-तीन घरगुती गोष्टी येतात. वाढदिवसाच्या बुकेमधली मोठी, सहा पाकळ्यांची लिली: पान, फूल, अंगावर सांडलेले आणि चाटले गेलेले परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही पोटात गेलं तरी एक ते तीन दिवसांत मूत्रपिंडं निकामी होतात. मांजर असलेल्या घरात ही फुलं आणूच नयेत. काळं फिनेल, कापूर, डांबरगोळ्या, निलगिरीचं आणि टी ट्रीचं तेल यांचंही तसंच आहे, कारण जे पंजाला लागतं ते मांजर चाटतंच. फरशीला पातळ केलेला साधा साबण पुरतो.

आता न खाण्याविषयी. उपास घडला तर पोटाला आराम पडतो, हे माणसाचं गणित मांजराला लागू पडत नाही. खाणं थांबलं की अंगावरची चरबी सुटून यकृताकडे धाव घेते, आणि मांजराचं यकृत ती हाताळू शकत नाही. चरबी तिथेच साचते, कावीळ होते. लठ्ठ मांजराला हा धोका सर्वांत जास्त. म्हणून मोठं मांजर २४ तास काहीच खात नसेल तर डॉक्टरांना फोन, आणि दुसरा दिवस उजाडला तर प्रत्यक्ष तपासणी. तीन महिन्यांच्या आतल्या पिल्लाला एवढी सवड नाही. दोन वेळचं खाणं चुकलं तर त्याची साखर उतरते, त्याला त्याच दिवशी दाखवायचं. नाक चोंदलेलं असेल तर वास येत नाही म्हणून मांजर खात नाही. ओला खाऊ अंगाच्या उबेइतका, म्हणजे ३८ अंशांच्या आसपास कोमट करून दिला, नाकपुड्या सलाइनच्या कापसानं पुसल्या, की पुष्कळ मांजरं खाऊ लागतात. तोंड उघडून सिरिंजनं जबरदस्तीनं भरवू नका. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, आणि मळमळत असताना भरवलेलं अन्न ते मांजर पुढेही नाकारू शकतं.

श्वासाचं गणित घरी सहज करता येतं. मांजर झोपलेलं असताना छाती एकदा वर-खाली म्हणजे एक श्वास, मिनिटभर मोजा. ३० च्या आत असला पाहिजे. दोन-तीन वेळा मोजून ३० च्या वरच येत असेल तर हृदयाची किंवा छातीत पाणी झाल्याची शंका घ्यावी. मांजर तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकत असेल तर एक मिनिटही दवडू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात चपट्या नाकाच्या पर्शियन मांजरांना उष्माघात होतो, तेव्हाही असंच दिसतं. पंखा लावा, अंग साध्या पाण्यानं ओलं करा. बर्फ नको, त्यानं कातडीच्या रक्तवाहिन्या आकसून आतली उष्णता आतच राहते. अचानक मागचे पाय लुळे पडले, गार पडले आणि मांजर जोरात ओरडू लागलं, तर रक्ताची गुठळी अडकलेली असू शकते. तेव्हा मालिश करत बसू नका, लगेच निघा.

दोरा गिळणं हा प्रकार आपल्याकडे गजऱ्याचा दोरा, शिवणकामाचा रीळ, सुतळी आणि संक्रांतीनंतर मांजा यांमुळे वारंवार दिसतो. दोऱ्याचं एक टोक जिभेखाली अडकतं आणि दुसरं आतड्यात पुढे सरकत राहतं. आतडं त्या दोऱ्यावर चुण्या पडत गोळा होतं आणि दोरा त्याला आतून करवतीसारखा कापतो. तोंडातून किंवा शीच्या जागेतून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापूही नका. तसंच घेऊन जा.

उंचावरून पडलेलं मांजर पायांवर उतरतं, पण म्हणून वाचतं असं नाही. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरून पडल्यावर ते उठून चालू लागतं आणि घरचे निश्चिंत होतात. छातीत हवा किंवा रक्त साचणं, टाळू फाटणं, जबडा मोडणं हे तासाभरात बाहेरून दिसतंच असं नाही. एक्स-रे काढूनच खात्री करावी, आणि खिडक्या-गॅलरीला जाळी मांजर आणण्यापूर्वी लावावी.

पिल्लांचा सगळ्यांत मोठा शत्रू पॅनल्युकोपेनिया. तो पार्वो जातीच्या विषाणूचा आजार आहे: आधी सुस्ती आणि ताप, मग उलट्या, जुलाब, पांढऱ्या पेशी एकदम कमी. पाण्याच्या भांड्यावर मान लोंबकळत बसून राहायचं पण प्यायचं नाही, हे चित्र दिसलं की आम्हाला धास्ती वाटते. लस न घेतलेली पिल्लं यात मोठ्या संख्येनं जातात. हा विषाणू घरात वर्षभर टिकतो आणि फिनेलनं मरत नाही. आधी जागा साबणानं धुवायची, मग कपडे धुण्याचं साधं ब्लीच एक लिटर पाण्यात साधारण ३० मिली घालून दहा मिनिटं ओलं ठेवायचं, नंतर पाण्यानं धुऊन वाळवायचं. ब्लीच ॲसिडमध्ये किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. घरात एक पिल्लू यानं गेलं असेल तर लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू त्या घरात आणू नये.

लस दिली होती, तरी झालं, असं जेव्हा ऐकायला येतं तेव्हा बहुधा एकच डोस झालेला असतो. आईच्या चिकातून पिल्लाला मिळालेली प्रतिपिंडं काही आठवडे त्याचं रक्षण करतात आणि तीच लसही निष्प्रभ करतात. ती कुठल्या आठवड्यात संपतील ते प्रत्येक पिल्लात वेगळं, काहींत १६ व्या आठवड्यापर्यंत. म्हणून पॅनल्युकोपेनिया, हर्पीस आणि कॅलिसी या तीन आजारांची एकत्रित लस आठव्या, बाराव्या आणि सोळाव्या आठवड्यात अशी द्यायची, मग वर्षानं बूस्टर. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर, आणि दरवर्षी. लस न घेतलेल्या मांजराचा दात किंवा नख लागून रक्त आलं तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा. हळद-चुना भरू नका.

मांजरांची सर्दी हर्पीस आणि कॅलिसी या विषाणूंची. डोळे चिकटले असतील तर मेडिकलमधलं नॉर्मल सलाइन कापसावर घेऊन आतून बाहेर पुसा, प्रत्येक डोळ्याला नवा कापूस. घरात पडून असलेले माणसाचे डोळ्यांचे थेंब मात्र घालू नका. त्यांत अनेकदा डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असतं, आणि हर्पीसनं बुबुळावर जखम झालेली असेल तर स्टेरॉइडनं ती खोल जाऊन डोळा फुटतो.

पावसाळ्यात पिसवा वाढतात, कारण त्यांच्या अळ्यांना दमट हवा लागते. मांजराच्या अंगावर दिसतात त्या थोड्याच. अंडी, अळ्या आणि कोष हा मोठा हिस्सा गादीत, सोफ्याच्या फटीत, पायपुसण्यात असतो. केसांत काळे कण दिसले तर ते ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ते पिसवांनी प्यायलेलं रक्त आहे. मांजराच्याच वजनाचे फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिनचे थेंब मानेच्या मागे, जिथे जीभ पोहोचत नाही तिथे, केस बाजूला करून कातडीवर टाकायचे. घरातल्या सगळ्या प्राण्यांना एकाच दिवशी, आणि निदान तीन महिने सलग. एका डोसनंतर पुन्हा पिसवा दिसल्या की लोक म्हणतात औषध खोटं. प्रत्यक्षात कोषातली पिसू कुठल्याही औषधाला दाद देत नाही, ती बाहेर पडल्यावरच मरते. अंथरुणं दर आठवड्याला कडक गरम पाण्यात धुवा. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला थेंब नकोत, बारीक दातांची फणी आणि सौम्य साबणाची कोमट आंघोळ, मग लगेच कोरडं. त्याच्या हिरड्या पांढऱ्या दिसत असतील तर पिसवांनीच त्याचं रक्त संपवलं आहे, रक्त द्यावं लागण्याइतकी वेळ येते. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखं काही हलताना दिसलं तर तो पिसू गिळल्यानं झालेला पट्टकृमी, त्यावर प्राझिक्वांटेल हे जंताचं औषध. माणसांचं अल्बेंडाझोल नको, त्यानं मांजराच्या अस्थिमज्जेला इजा होऊ शकते.

आहाराबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण इथे प्रेमानंच नुकसान होतं. दूध-पोळीवर मांजर पोसणं ही आपली जुनी रीत. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. आणि दूध-पोळीत टॉरिन हे अमिनो आम्ल नगण्य. टॉरिन मांजराला स्वतःच्या शरीरात पुरेसं तयार करता येत नाही, ते मांस-मासळीतूनच यावं लागतं. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा झिजतो आणि हृदय फुगून कमजोर होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली अमेरिकेत डेव्हिसच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवून दिला आणि त्यानंतर तयार खाऊत टॉरिन वाढवलं गेलं. जुनी मांजरं दूध-पोळीवर जगली ती उंदीर-पालींच्या जोरावर. फ्लॅटमधल्या मांजराला ती सोय नाही. शाकाहारी घरांना आमचं सांगणं आहे की घरात मांस शिजवायचं नसेल तर तयार संपूर्ण आहाराची पाकिटं वापरा, पण मांजराला शाकाहारी करू नका.

आता दूध-पोळीची जागा उकडलेल्या बोनलेस चिकननं घेतली आहे, आणि त्यातून नवाच आजार दिसतो. नुसत्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. वाढत्या पिल्लाचं शरीर मग हाडांतलं कॅल्शियम काढून घेतं. चार-सहा महिन्यांचं पिल्लू उडी मारायला घाबरू लागतं, लंगडतं, पाठीला हात लावला की ओरडतं, आणि एक्स-रेमध्ये हाडं कागदासारखी पातळ, कुठे कुठे मोडलेली. त्यावर कॅल्शियमची बाटली अंदाजानं पाजणं हा उपाय नव्हे. पाकिटावर ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’ असं लिहिलेला, पिल्लांसाठीचा खाऊ सुरू करायचा आणि चिकन त्याच्या वर चवीपुरतं, एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाइतकं. चिकन उकडलेलं पाणी फेकू नका, टॉरिन त्यात उतरतं. कांदा-लसणाचा रस्सा मात्र कधीच नाही: किलोमागे पाच ग्रॅम कांदा, म्हणजे चार किलोच्या मांजराला २० ग्रॅम, तांबड्या पेशी फोडायला पुरतो. कोकणात ताजी मासळी कच्ची घालतात. काही माशांत बी-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं, शिजवल्यावर ते जातं. रोज काळीज (यकृत) दिलं तर अ जीवनसत्त्व साठून मानेची हाडं जोडली जातात. घरातच राहणाऱ्या चार किलोच्या नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला २०० कॅलरी पुरतात, कोरड्या खाऊचे साधारण ५० ते ५५ ग्रॅम. वाटी भरून दिवसभर ठेवली की कुणी किती खाल्लं तेच कळत नाही.

दहा वर्षांवरचं मांजर जास्त पाणी पिऊ लागलं, लघवीचे गोळे मोठे होऊ लागले आणि पाठीचा कणा हाताला लागू लागला, तर मूत्रपिंडं, मधुमेह आणि थायरॉइड या तिन्हींची तपासणी करा. रक्ताच्या तपासणीतलं क्रिएटिनिन हे मूत्रपिंडांचं पाऊण काम गेल्यावरच चढतं, म्हणून सातव्या-आठव्या वर्षापासून दरवर्षी रक्ताबरोबर लघवीचीही तपासणी हवी. पर्शियन मांजरांत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, तो सोनोग्राफीत लवकर दिसतो; पिल्लू विकत घेताना त्याच्या आई-वडिलांची सोनोग्राफी मागण्यात काही गैर नाही. म्हाताऱ्या मांजराच्या तोंडाला वास येतो, ते मान तिरकी करून चावतं, घास पडतो. ते वयानं होत नाही, दात दुखत असतात आणि दात काढल्यावर ते पुन्हा खाऊ लागतं.

नसबंदीचं वय चार ते सहा महिने. मांजर पाचव्या महिन्यातही माजावर येते, तेव्हा ‘एकदा वीत होऊ दे’ म्हणण्यात तिचा काही फायदा नाही. माज थांबवणारी हार्मोनची इंजेक्शनं आणि गोळ्या वापरू नका, त्यांनी गर्भाशयात पू होतो आणि स्तनांच्या गाठी होतात. मांजरातल्या अशा गाठी बहुतांश कर्करोगाच्याच असतात. घरात कुणी गरोदर असेल तर मांजराला बाहेर काढायचं कारण नाही. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. त्याची अंडी शीमधून बाहेर पडल्यावर एक ते पाच दिवसांनी संसर्ग करण्याजोगी होतात, म्हणून ट्रे रोजच्या रोज दुसऱ्या कुणीतरी साफ करावा आणि मांस नीट शिजवून खावं.

औषध पाजण्याची एक गोष्ट अगदी नेमकी सांगायला हवी. डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक मांजरांना वारंवार लिहून दिलं जातं. त्याची कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजल्यासारखी जखम होऊन पुढे नलिका आकसते, मग मांजर प्रत्येक घास परत काढतं. गोळी जिभेच्या मागच्या भागावर टाकली की लगेच सुई काढलेल्या सिरिंजनं पाच-सहा मिली पाणी गालाच्या बाजूनं हळूहळू द्या, किंवा पाठोपाठ चमचाभर ओला खाऊ. कुठलीही गोळी अशीच द्यावी.

घरात एवढंच ठेवा: डिजिटल थर्मामीटर (३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट हे मांजराचं नेहमीचं तापमान), सलाइनची बाटली, दोन सिरिंजा, आणि महिन्यातून एकदा वजन लिहायची वही. लहान बाळांचा काटा असेल तर उत्तम. नाहीतर मांजराला घेऊन काट्यावर उभं राहा आणि स्वतःचं वजन वजा करा. चार किलोतले दोनशे ग्रॅम गेले तर ते पाच टक्के होतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत, वहीत दिसतात. मांजराची टोपली माळ्यावर ठेवू नका, घरात उघडी, आत जुना टॉवेल घालून ठेवा, म्हणजे रात्री निघायची वेळ आली तर अर्धा तास पकडापकडीत जात नाही.

संपादक महोदय, आपल्याला एक विनंती आहे. परळ, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथली पशुवैद्यकीय महाविद्यालयं आणि अकोल्याची पदव्युत्तर संस्था माहीत असणारे वाचक थोडे आहेत, आणि जवळच्या तालुक्यात रात्री कोण डॉक्टर हजर असतो हे माहीत असणारे त्याहून थोडे. आपल्या जिल्हा बातमीदारांनी अशी यादी तयार करून महिन्यातून एकदा छापावी. तीत दवाखान्याच्या नावापुढे तीन गोष्टी असाव्यात: रात्री डॉक्टर प्रत्यक्ष तिथे असतात का, बोक्याला भूल देऊन नळी घालायची सोय आहे का, आणि ऑक्सिजन आहे का. औषधविक्रेत्यांनाही आपल्या पानावरून सांगा, की काउंटरवर कुणी ‘मांजराला ताप आहे’ म्हणालं तर गोळी देऊ नका, त्याला त्या यादीतला फोन नंबर द्या.

आपले,
काही पशुवैद्यक व मांजरांची शुश्रूषा करणारे कार्यकर्ते, पुणे